धरलेला मासा, सोडलेला मासा



मासा धरून खाणारा चांगला, की धरून पुन्हा पाण्यात सोडणारा? प्रश्न वरवर थट्टेचा वाटेल. पण आपल्या धर्मग्रामातील काही घरांत तो थट्टेचा राहिलेला नाही. पाऊस सरला की आपल्यापैकी कित्येकजण पवनेच्या जलाशयावर, इंद्रायणीच्या डोहांवर गळ घेऊन जातात. त्यांच्यात आता दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, ‘देवाने मासा अन्न म्हणून दिला. तो धरावा, घरी न्यावा, कालवण करावे. धरून सोडणे म्हणजे मुक्या जीवाशी खेळ.’ दुसरा तट म्हणतो, ‘आम्ही जीव घेत नाही. फोटो काढतो आणि मासा सोडून देतो. पाप असेल तर ते खाणाऱ्याचे.’ दोन्ही बाजूंनी आमच्याकडे निवाडा मागितला आहे. निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही, पण प्रश्न नीट मांडण्याचा प्रयत्न आम्ही येथे करतो.

ज्यांनी कधी गळ हाती धरला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पहिल्या तटाचे साहित्य साधे असते. बांबूची काठी किंवा नुसता हात, तंगूस, शिशाचा तुकडा, एक गळ आणि आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. शिशाने आमिष तळाशी बसते आणि चिलापी, शिंगाडा, कधी रोहू, कधी मरळ लागतो. दुसऱ्या तटाकडे फायबरची काठी, रीळ आणि माशासारखे दिसणारे, पाण्यात हलणारे बनावट आमिष असते. ते लांब फेकून सावकाश ओढत आणायचे. दोघांच्या साहित्यात एक गोष्ट मात्र सारखी आहे: गळाच्या टोकामागचा उलटा काटा. तो मासा निसटू देत नाही, आणि गळ काढताना तोच मांस फाडतो. आपला सारा वाद या उलट्या काट्याभोवती आहे असे म्हटले तरी चालेल.

माशाला दुखते का? पूर्वी लोक सहज म्हणत, मासा थंड रक्ताचा, त्याला काय कळते! २००३ साली एडिंबरोजवळच्या रॉझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट या माशावर प्रयोग केले. माशाच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा सौम्य आम्ल टोचले. ते मासे अंग डोलवू लागले, काहींनी ओठ तळच्या खड्यांवर घासले आणि बराच वेळ अन्नाला तोंड लावले नाही. मॉर्फिन दिल्यावर हे वागणे कमी झाले. इजा टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोके माशाच्या तोंडाभोवती आहेत हेही दिसून आले. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेले नाही. माणसाच्या मेंदूचा जो भाग वेदना जाणवून देतो तो माशाला नाही, म्हणून ही केवळ शरीराची प्रतिक्रिया आहे, असे काहींचे म्हणणे आहे.

मग शंका असताना काय करावे? नीतिशास्त्र शिकताना सेमिनरीत आम्हाला एक जुने उदाहरण दिले जाई. शिकाऱ्याला झुडपात हालचाल दिसते. हरीण असेल, माणूसही असेल. अशा वेळी त्याने बाण सोडू नये, कारण शंकेचा फायदा दुसऱ्याच्या जीवाला मिळाला पाहिजे. मासा म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे ‘गळ टाकूच नये’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. पण एवढे निघते: ज्याला दुखत असण्याची शक्यता आहे त्याच्या ओठात काटा रुतवायचा तर आपल्याकडे कारण हवे, आणि ते कारण सांगण्याजोगे हवे.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेने जाते. संत थॉमस अक्वायनस यांनी प्राणी माणसाच्या उपयोगासाठी आहेत असे मानले, पण प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणसांशीही तसाच वागू लागेल, हा धोकाही त्यांनी दाखवला. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात अन्नासाठी प्राण्यांचा वापर योग्य ठरवला आहे, आणि त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असेही सांगितले आहे. यातला ‘विनाकारण’ हा शब्द महत्त्वाचा. खाणाऱ्याजवळ कारण आहे. घरात चार माणसे जेवायची आहेत.

सोडणाऱ्याजवळ काय आहे? येथे दूरच्या देशांचे कायदे आपल्याला चकित करतात. जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्यानुसार प्राण्याला वेदना द्यायची तर समंजस कारण हवे, आणि केवळ मजेसाठी मासा धरून सोडणे हे तेथे असे कारण मानले जात नाही. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या नियमावलीत मासा सोडण्याच्या हेतूनेच गळ टाकायला बंदी आहे. लहान मासा चुकून लागला तर सोडावा, पण सोडण्यासाठी म्हणून धरू नये. म्हणजे आपण जिला दया म्हणतो ती तेथे गुन्हा ठरू शकते!

पहिल्या तटाने यावर लगेच विजय मानू नये, कारण आपल्या लोणावळ्याचाच एक मासा उलट साक्ष देतो. तो मासा म्हणजे महसीर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि आपल्या लोकांच्या तोंडचे ‘खुद्री’ हे नाव त्याला कायमचे दिले. निळसर पंखांचा हा मासा वाहत्या पाण्यात वाढतो, उशिरा वयात येतो, आणि रोहूच्या मानाने त्याची मादी फार कमी अंडी घालते. धरणे झाली, पाणी अडले, घाण वाढली, सुरुंग आणि विषाने मासेमारी झाली, आणि खुद्री दिसेनासा होऊ लागला. तेव्हा वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून महसीरचे बीज तयार करायला घेतले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी मादीची अंडी हाताने काढून, नराचे वीर्य मिसळून, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवण्याची पद्धत बसवली. त्यातून निघालेली लक्षावधी पिल्ले देशभरच्या नद्या-तलावांत सोडली गेली. एके काळी धोक्यात म्हणून नोंदलेला हा मासा २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मूल्यांकनात त्या धोक्याच्या वर्गातून बाहेर आला.

आता सांगा, आपल्या नदीत दहा किलोची खुद्रीची मादी गळाला लागली, तर तिला कालवणात घालणे चांगले की सोडणे? चार माणसांचे जेवण चिलापीवरही भागते. पण त्या मादीबरोबर तिची पुढच्या कित्येक पावसाळ्यांची अंडीही जातात. येथे सोडणारा बरोबर आहे. देहूच्या डोहातले मासे वारकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखले. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने लोक माशांना हात लावत नाहीत. या लोकांनी नीतिशास्त्र शिकले नसेल, पण डोहातला मोठा मासा कशासाठी राखायचा हे त्यांना समजले होते.

समुद्राकडची माणसेही यातून धडा घेऊ शकतात. वसई, अलिबागकडे सुट्टीत जाणारे आपले काही बांधव तेथे खडकावर किंवा खाडीच्या तोंडावर भरतीच्या वेळी गरी टाकतात. जिताडा लागला की आनंदाला पारावार राहत नाही. पण जिताडा बहुधा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सर्वात मोठा जिताडा ही बहुतेक वेळा मादीच. मधल्या आकाराचा घरी नेऊन मोठा सोडून देणे, हे ऐकायला उलटे वाटले तरी शहाणपणाचे आहे.

सोडणाऱ्यांनीही लगेच हुरळून जाऊ नये. चांगल्या हेतूला ज्ञानाची जोड नसली तर काय होते, हेही याच खुद्रीने दाखवले. लोणावळ्याचे बीज कर्नाटकात कावेरीत सोडले गेले. कावेरीत स्वतःचा कुबडाचा महसीर होता, जगातल्या सर्वात मोठ्या महसीरांपैकी एक. १९९८ ते २०१२ या काळात तेथे गळाने धरून सोडलेल्या माशांच्या नोंदी २०१५ साली अभ्यासकांनी तपासल्या. त्यांत आपला निळ्या पंखांचा मासा वाढत गेलेला आणि कुबडाचा झपाट्याने कमी झालेला दिसला. २०१८ साली कुबडाचा महसीर अतिशय धोक्यात आलेल्यांच्या यादीत गेला. एका नदीतले पुण्य दुसऱ्या नदीला जड गेले. पण ही हानी लक्षात कशी आली तेही पाहा. मासा धरून, त्याची नोंद करून तो सोडणाऱ्यांच्या वह्यांमुळे. म्हणजे सोडणाऱ्याजवळही सांगण्याजोगे कारण असू शकते. त्यासाठी त्याने वही ठेवली पाहिजे. नुसत्या फोटोचे वजन त्या तराजूत फार पडत नाही.

आम्हाला या वादात सर्वात महत्त्वाची वाटते ती मर्यादेची गोष्ट. खाणाऱ्याला पोटाची मर्यादा असते. दोन मासे झाले, भांडे भरले, तो उठतो. सोडणाऱ्याला अशी कोणतीच मर्यादा नसते. तो दिवसभरात वीस मासे धरू शकतो, वीस ओठ फाडू शकतो आणि रिकाम्या हाताने, स्वच्छ मनाने घरी येऊ शकतो. त्यांतले काही मासे दमून किंवा जखमेने नंतर मरतात, ते तो पाहत नाही. म्हणून सोडणाऱ्याने आपली मर्यादा स्वतः आखली पाहिजे. आणि खाणाऱ्यानेही लक्षात ठेवावे, की भूक सांगून तो बारीक जाळ्याने पिल्ले उपसू लागला, किंवा जिलेटीन आणि ब्लीचिंग पावडर डोहात टाकू लागला, तर त्याचे कारण संपले. स्फोटके आणि विषाने मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून आपल्या देशात गुन्हा आहे.

शुभवर्तमानात जाळी पुष्कळ आहेत, पण गळ एकदाच येतो, संत मत्तयच्या १७ व्या अध्यायात. मंदिराचा कर भरायचा असतो. प्रभू येशू पेत्राला सरोवरावर पाठवतो, पहिलाच मासा घ्यायला सांगतो, आणि त्याच्या तोंडातल्या नाण्याने दोघांचा कर भागतो. गरज दोघांची होती, मासा एकच लागला. पेत्राने दुसऱ्यांदा गळ टाकल्याचे तेथे लिहिलेले नाही.

आता व्यवहाराचे थोडेसे. खायचे असेल तर घरी किती लागेल ते ठरवून निघावे, आणि मासा लागताच डोक्यावर एक ठोका देऊन त्याला लवकर मारावे. पिशवीत तडफडत ठेवू नये. सोडायचे असेल तर पकडीने गळाचा उलटा काटा दाबून टाकावा. तंगूस पुरेसा मजबूत घ्यावा, म्हणजे मासा फार वेळ झुंजून दमत नाही. हात ओले करूनच त्याला धरावे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचे रोगापासून रक्षण करतो. गळ खोल गिळला असेल तर उपसू नये, दोरी तोंडाजवळ कापावी. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापते, त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा धरून सोडण्याचा खेळ बंदच ठेवावा. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात.

आणखी एक गोष्ट न्यायाची. तलावातला मासा बेवारस नसतो. शासनाच्या बऱ्याच जलाशयांतील मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. टाटांच्या तलावांवर परवानगीशिवाय जाता येत नाही. त्याच काठावर एखादा कातकरी बांधव संध्याकाळच्या जेवणासाठी बसलेला असतो. आपल्या महागड्या काठीने त्याची जागा अडवू नये, आणि त्याने मासा घरी नेला म्हणून त्याला दयेचे धडे तर मुळीच देऊ नयेत. त्याच्या गळामागचे कारण आपल्यापैकी अनेकांच्या कारणाहून अधिक बळकट आहे.

तेव्हा दोन्ही तटांना आमची एवढीच विनंती: समोरच्याला पापी ठरवण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, हा काटा मी कशासाठी रुतवतो आहे, आणि कुठे थांबणार आहे? उत्तर मिळाले तर गळ खुशाल टाकावा. आणि पावसाळ्यात, महसीर अंडी घालायला प्रवाहाकडे चढतो त्या दिवसांत, दोन्ही तटांनी गळ खुंटीलाच राहू द्यावा. तेवढ्यावर तरी सर्वांचे एकमत व्हायला हरकत नसावी.

आपले,
धर्मगुरू