न पाहिलेल्या राणीचा चेहरा

गढ्याच्या गोंड राज्याची राणी दुर्गावती हिचा चेहरा जबलपुरात लहान मुलालाही ओळखता येतो. शाळांच्या भिंतींवर, मिरवणुकीच्या फलकांवर, चौकातल्या पुतळ्यांत ती भेटते. बहुतेक ठिकाणी ती ऐन विशीतली असते: हाती शस्त्र, नजरेत तेज. पण कोणा चित्रकाराने तिला समोर बसवून हा चेहरा रेखाटलेला नाही. तो चारशे वर्षांत हळूहळू घडला, आणि घडवणाऱ्या प्रत्येक काळाने तिच्यात आपल्याला हवे ते पाहिले.

पहिले चित्र शब्दांचे होते, आणि तेही शत्रूच्या दरबारातले. दुर्गावती २४ जून १५६४ रोजी आसफखानाच्या मुघल फौजेशी लढताना पडली. बाणांनी घायाळ झाल्यावर पकडले जाण्याऐवजी तिने स्वतःच्या हाताने प्राण दिला. अबुल फजल अकबराच्या दरबारी आला तो त्यानंतर दहा वर्षांनी. त्याने तिला पाहिलेले नव्हते, तरी ‘अकबरनाम्या’त तिच्या धैर्याची, सल्लामसलतीची आणि दातृत्वाची वाखाणणी केली. वाघ दिसल्याची खबर आली की त्याला टिपल्याशिवाय ती पाणी पीत नसे, हेही त्यानेच नोंदवले. अकबराने आपल्या सरदारांची हुबेहूब चित्रे काढवून घेतली. राजस्त्रिया मात्र पडद्याआड असल्यामुळे मुघल चित्रांतले त्यांचे चेहरे बहुधा ठरीव साच्याचे राहिले. म्हणून दुर्गावतीचे गुण कागदावर उतरले, रूप उतरले नाही.

लोकांचे त्यावाचून अडले नाही. एकोणिसाव्या शतकात या भागात अधिकारी असलेल्या स्लीमनने तिच्या समाधीची हकीकत लिहून ठेवली आहे. तिथून जाणारा वाटसरू आसपासच्या चमकदार गारगोट्यांतली त्यातल्या त्यात सुंदर गारगोटी निवडून समाधीवर वाहत असे. जवळच्या दोन मोठ्या गोल धोंड्यांना लोक राणीचे नगारे मानत. ज्यांनी चित्र कधी पाहिले नव्हते, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही आठवण हाताने जपली.

मग छापखाने आले. १८९४ साली राजा रविवर्मांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि देवदेवतांचे, पौराणिक नायिकांचे चेहरे घरोघरी पोहोचले. पूज्य व्यक्तीचा एक ठरलेला चेहरा असावा, ही अपेक्षा रुजली. पुढे राष्ट्रीय चळवळीला लढणाऱ्या स्त्रीची प्रतिमा हवी होती. सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेने झाशीची राणी हिंदी प्रदेशात घरोघरी नेली, आणि त्या स्वतः जबलपूरच्या रहिवासी होत्या. त्या वातावरणात दुर्गावतीकडेही रणरागिणी म्हणूनच पाहिले गेले.

जबलपूरच्या शहीद स्मारकातली भित्तिचित्रे या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा. तिथे दुर्गावती रेखाटणारे ब्योहार राममनोहर सिन्हा हे जबलपूरचेच, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली घडलेले. संविधानाच्या उद्देशिकेचे पान सजवले ते त्यांनीच. नंदलालांनी १९०९च्या सुमारास अजिंठ्याला जाऊन तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. भारतीय रेषेचा तो संस्कार गुरूकडून शिष्याकडे आला. या परंपरेचा भर चेहऱ्याच्या हुबेहूबपणावर नव्हता, भावावर होता. म्हणून न पाहिलेली राणी या परंपरेला प्रामाणिकपणे रंगवता आली.

मराठी वाचकाला इथे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे आठवतील. १९३३ साली त्यांनी शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणले, तोवर भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. अस्सल पुरावा हाती असला की खोटे चित्र बाजूला सारता येते. दुर्गावतीच्या बाबतीत तशी सोय नाही. म्हणून तिच्या चित्राची कसोटी नाकाडोळ्यांत शोधण्यात अर्थ नाही. ते तिच्या आयुष्याशी इमान राखते का, हे पाहायला हवे.

या कसोटीला आजची बहुतेक चित्रे अपुरी पडतात. परंपरेनुसार तिचा जन्म १५२४चा, कालिंजरच्या चंदेल घराण्यातला. १५४२ साली गढ्याच्या गोंड राजघराण्यात दलपतशाहाशी तिचा विवाह झाला. १५५० साली पती वारला, तेव्हा मुलगा वीरनारायण पाच वर्षांचा होता. पुढची चौदा वर्षे राज्य तिने चालवले आणि माळव्याच्या बाजबहादुराला परतवून लावले. जबलपूरच्या तलावांपैकी राणीताल तिच्या नावाचा, आधारताल तिच्या दिवाणाच्या नावाचा आणि चेरीताल तिच्या दासीच्या नावाचा मानतात. रणात पडली तेव्हा ती चाळिशीच्या उंबरठ्यावर होती. चंदेलांची लेक, गोंडांची सून, मुलाची आई, पाण्याची काळजी वाहणारी राज्यकर्ती: एवढे सगळे एका तरुण योद्ध्याच्या मुद्रेत मावत नाही. शेवटचा एक दिवस चित्रात आला, चौदा वर्षांचा कारभार बाहेर राहिला.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी, तिच्या पाचशेव्या जयंतीच्या वर्षात, जबलपुरात तिच्या नव्या स्मारकाची पायाभरणी झाली. म्हणजे तिची चित्रे आणि शिल्पे यापुढेही होत राहणार. ती घडवणाऱ्यांना एकच विनंती आहे: तिच्या हातातली तलवार राहू द्या, पण चेहऱ्यावर चाळीस वर्षांचे वय आणि चौदा वर्षांच्या कारभाराची जबाबदारी दिसू द्या. राणी म्हणून तिने जे केले, त्याचा मान त्यातच आहे.