विक्रीनंतरचा धर्म

देणेघेणे नेमके केव्हा संपते, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा. पण जरा खोल जाऊन पाहिले तर तो नीतीचा आहे. मोल दिले, वस्तू घेतली, पावती मिळाली. एवढ्याने विकणारा ऋणमुक्त होतो काय? मोटारसायकल ह्या नित्याच्या वाहनाच्या निमित्ताने ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते. विषय क्षुद्र म्हणून कोणी हसू नये. आमच्या गोमंतकात पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवरून उतारू नेणारे 'पायलट' आहेत; त्यांची चूल त्या दोन चाकांच्या आधारावर पेटते. पहाटे एका गावची पूजा आटोपून दुसऱ्या गावच्या देवळाकडे धावणाऱ्या भटजींचीही तीच गत. वाहन आठ दिवस दुरुस्तीस पडले, म्हणजे त्यांचे आठ दिवस बुडाले. वर बिलाचा भुर्दंड निराळाच.

ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. लहानसा भाग बिघडला, तर तेवढाच मिळत नाही. त्यासह सबंध जोडणीच बदलावी लागते. भाग 'वरून' यायचा असतो आणि तो केव्हा येईल हे कोणासच ठाऊक नसते. विक्रेता कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी विक्रेत्याकडे. दूरध्वनीवरील गोड आवाज तक्रारीचा क्रमांक देतो आणि तेथेच सर्व थांबते. ह्यात कोणी उघड खोटे बोलला असे नव्हे. प्रत्येकाने आपापले नेमून दिलेले काम केले. तरीही एका माणसावर अन्याय झाला तो झालाच. दोष अनेकांत वाटला गेला की तो कोणाच्याच वाट्यास येत नाही, हे आधुनिक व्यवहाराचे मोठे व्यंग होय.

आमच्या स्मृतिकारांनी ह्या विषयाकडे दुर्लक्ष केले नव्हते. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत 'क्रयविक्रयानुशय', म्हणजे खरेदी-विक्रीनंतर होणारा पश्चात्ताप, हे एक स्वतंत्र पद आहे. सदोष, वजनात उणा किंवा झाकून ठेवलेला माल विकू नये, असे तो बजावतो आणि व्यवहार फिरविण्यास दहा दिवसांची मुदत देतो. याज्ञवल्क्य त्याहून बारकाईने पाहतो. लोखंडाच्या परीक्षेस एक दिवस, ओझ्याच्या जनावरास पाच दिवस, बियाण्यास दहा दिवस, अशा निरनिराळ्या मुदती त्याने घातल्या आहेत. ह्या भेदाचे मर्म आम्हांस असे दिसते की, ज्या वस्तूचा दोष उघड होण्यास जितका अवधी लागतो, तितका अवधी विकणाऱ्याची जबाबदारी टिकली पाहिजे. यंत्राचा दोष पाच-दहा दिवसांत कळत नाही. कधी तो पहिल्या पावसाळ्यात कळतो, कधी तिसऱ्या. तेव्हा मुदतीचे आकडे जुने झाले तरी त्यांमागील न्याय जुना झालेला नाही.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. बैल विकणाऱ्याने बैलाचे औषध आपल्या कुलपात ठेवलेले नसे. गावचा जाणता त्याला बरे करी. परवापरवापर्यंत मोटारसायकलीचेही तसेच होते. नाक्यावरचा मिस्त्री कार्ब्युरेटर उघडी, पेट्रोलने धुई, प्लग पुसून लावी आणि वाहन चालू करून देई. 1 एप्रिल 2020 पासून भारतात धुराविषयीचे बीएस-सहा नियम लागू झाले. त्यांच्या पूर्ततेसाठी बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी इंधन मोजून सोडणारी यंत्रणा, तिचे सेन्सर आणि त्यांवर हुकूम चालविणारी विजेची पेटी आली. हवा स्वच्छ राहावी म्हणून झालेला हा बदल इष्टच आहे. मागे जावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु बिघाड वाचणारे उपकरण आणि त्याचा अर्थ सांगणारी पुस्तिका उत्पादकाच्याच हाती राहिली, तर नाक्यावरचा मिस्त्री कितीही कुशल असो, तो आंधळा होतो. आणि ग्राहकास दुसरे दार उरत नाही.

उत्पादकांचे ह्यावर उत्तर असते. अशिक्षित हातांनी ब्रेकशी खेळ केला तर जीव जाईल, नकली भागांनी यंत्र बिघडेल आणि ठपका आमच्यावर येईल, असे ते म्हणतात. ह्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? मात्र हे उत्तर जितके खरे मानावे, तितके त्यांचे कर्तव्य वाढते. दुरुस्तीची किल्ली ज्याने आपल्या हाती ठेवली, त्याने दुरुस्तीचे ऋणही आपल्या माथी घेतले. मग भाग वेळेवर मिळणे, त्याचे मोल आधी कळणे आणि तक्रार ऐकणारा अधिकारी माणूस सापडणे, ही त्याने केलेली कृपा नसून फेडावयाचे देणे आहे. अधिकार एकट्याचा आणि अडचण मात्र दुसऱ्याची, हा सौदा धर्मास धरून नाही.

कायद्यानेही ही दिशा धरली आहे. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग व दुरुस्तीची साधने स्वतंत्र गॅरेजांना दुर्मीळ केल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड फर्मावला. तो निर्णय चारचाकींचा असला तरी त्यातील तत्त्व दुचाकीस परके नाही. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली आणि सदोष मालाबद्दल उत्पादकाचे दायित्व त्यात स्पष्ट झाले. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही. तथापि तारखेस हजर राहण्यासाठी ज्याची दिवसाची मिळकत बुडते, त्याला हा मार्गही महाग पडतो. म्हणूनच कायदा असूनही सदाचाराची गरज संपत नाही.

ग्राहकासही धर्म आहे, हे विसरू नये. तेल वेळेवर बदलावे, खर्चाचा अंदाज लेखी मागावा, काढलेला जुना भाग परत घ्यावा आणि टेबलामागे उभ्या असलेल्या पगारी पोरावर आपला सारा राग काढू नये. त्याच्या हाती काहीच नसते. जाब विचारायचा तो ज्याने नियम केले त्यास.

दसऱ्याला आपण वाहनास झेंडूची माळ घालतो, नारळ वाढवितो. जे आपणांस वाहून नेते त्याचे आपण देणे लागतो, हीच त्या पूजेमागची भावना. वापरणारा जर एवढे मानतो, तर ज्याने ते घडविले व त्यावर नफा मिळविला त्याने निदान तितके तरी मानावे, ही अपेक्षा अवाजवी आहे असे आम्हांस वाटत नाही.