अन्नदान आणि युद्ध

भुकेल्यास अन्न द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गांत सहसा कोणी काढीत नाहीं. असत्य, चोरी, हिंसा यांच्या अपवादांचा खल करण्यास विद्यार्थी नेहमींच उत्सुक असतात. टिळकांच्या ‘गीतारहस्यां’तील कर्मजिज्ञासेच्या प्रकरणांत दुष्काळानें व्याकुळ झालेला विश्वामित्र आला, म्हणजे चोरी केव्हां क्षम्य ठरते यावर तासभर वाद चालतो. परंतु त्या विश्वामित्रास कोणी मूठभर अन्न आणून दिलें असतें, तर त्या देणाऱ्याच्या हातून कांहीं अधर्म घडला असता काय, असें विचारणारा विद्यार्थी मला इतक्या वर्षांत एकच भेटला. त्याची मीं थट्टा करून वेळ मारून नेली. पुढें नायजेरियांतील यादवी युद्धाचा इतिहास वाचनांत आला तेव्हां त्या मुलाची आठवण झाली, आणि थट्टा करण्यांत आपली चूक झाली हें ध्यानांत आलें.

३० मे १९६७ रोजीं नायजेरियाच्या पूर्व प्रदेशानें ‘बियाफ्रा’ या नांवानें आपण स्वतंत्र झाल्याचें जाहीर केलें. जुलैंत युद्ध सुरू झालें. मध्यवर्ती सरकारनें बंदरें कोंडलीं; मे १९६८ मध्यें पोर्ट हारकोर्ट पडल्यावर बियाफ्रास समुद्र उरला नाहीं, आणि इग्बो लोकांनीं गजबजलेल्या त्या मुलखांत लहान मुलें हातापायांवर सूज येऊन मरूं लागलीं. तेव्हां कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट पंथांच्या मदतसंस्था एकत्र आल्या. साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून रोज रात्रीं विमानें निघत आणि उली येथें उतरत. उलीचा विमानतळ म्हणजे रुंद केलेला हमरस्ता. वर सरकारी बॉंबफेकें विमान घिरट्या घालीत असे. म्हणून मदतीचें विमान अगदीं टेकावयास येई तेव्हां क्षणभर धांवपट्टीवरचे दिवे लागत आणि लगेच मालवत. दूध भुकटी, मीठ व नॉर्वेची सुकी मासळी उतरवून पहांटेपूर्वी परत फिरावयाचें. अशीं पांच हजारांहून अधिक उड्डाणें झालीं व सुमारें साठ हजार टन माल पोंचला. कित्येक वैमानिक प्राणांस मुकले.

विमानानें मदत नेणें हें ख्रिस्ती मिशनांस नवें नव्हतें. १९४५ पासून दुसऱ्या महायुद्धांतल्या वैमानिकांनीं त्यासाठीं स्वतंत्र संस्थाच काढल्या होत्या. दलदलींत व डोंगरांत औषध पोंचविणाऱ्या त्यांच्या लहानशा विमानांविषयीं कोणी वाद घालावा असें मला वाटत नाहीं. उलीची गोष्ट निराळी होती. कारण ज्या धांवपट्टीवर दूध उतरे, त्याच धांवपट्टीवर त्याच रात्रीं बंदुका व काडतुसेंही उतरत. प्रारंभीं तर धर्मसंस्थांचें अन्न शस्त्रास्त्रें वाहणाऱ्या व्यापाऱ्याच्याच विमानांत भाड्यानें जागा घेऊन गेलें. शिवाय बियाफ्राचें सरकार उतरण्याचें शुल्क परकीय चलनांत घेई. आणि परकीय चलन हातीं आलेलें, चोहोंकडून कोंडलेलें सरकार त्याचें काय विकत घेतें, हें सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

यावरून पुढें असा आक्षेप घेण्यांत आला कीं, धर्मसंस्थांनीं हें सारें केलें नसतें तर बियाफ्रा लवकर शरण आला असता, आणि वांचविलेल्या मुलांपेक्षां लांबलेल्या युद्धानें मारलेलीं माणसें अधिक भरतील. हा आक्षेप हलका नव्हे. पण तो घेणारा गृहस्थ काय सुचवितो तेंही पाहिलें पाहिजे. मुलें उपाशी राहूं द्यावीं, म्हणजे बाप लवकर हत्यार टाकील, असें तो म्हणतो. मुलाची भूक हें साधन व शांतता हें साध्य. वेढा घालणारा सेनापतीही नेमका याच गणितानें चालतो. फरक एवढाच कीं सेनापति तें तोंडानें कबूल करतो. १९४९ च्या जिनीव्हा करारानेंही शत्रूस लष्करी लाभ होत असल्यास अन्न अडविण्यास वाव ठेवला होता. नागरिकांची उपासमार हें युद्धाचें शस्त्र म्हणून वापरूं नये, असा स्पष्ट निर्बंध यावयास १९७७ साल उजाडावें लागलें.

मात्र एवढ्यानें बियाफ्राचे नेते निर्दोष ठरत नाहींत. दिवसा, तपासणी करून, उड्डाणें करण्यास मध्यवर्ती सरकार तयार होतें. ओजुक्वू यांनीं तें मान्य केलें नाहीं. दिवसा आकाश मोकळें केल्यास त्याच वाटेनें शत्रूचीं विमानें येतील ही त्यांची भीति खोटी नव्हती; पण रात्रीच्या अंधारांत दुधाबरोबर दारूगोळाही सुखरूप उतरतो, हेंही त्यांस ठाऊक होतेंच. उपाशी मुलांचीं छायाचित्रें जिनीव्हांतील एका प्रसिद्धिसंस्थेमार्फत जगभर गेलीं. तीं खोटीं नव्हतीं. पण त्या मुलाच्या भुकेचा दोन्ही पक्षांस उपयोग होता, आणि दात्यास त्याच्यापर्यंत पोंचावयाचें तर या दोहोंपैकीं एकाच्या हातांतूनच जावें लागे. दानाचें पात्र कोण याची मीमांसा आपल्या शास्त्रकारांनीं पुष्कळ केली. मधल्या हाताची मात्र फारशी केलेली दिसत नाहीं.

आमच्याकडे मिशनांच्या अन्नदानाविषयीं जो जुना संशय आहे, तो येथें लागू पडत नाहीं. १८९६–९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं अनाथ मुली केडगांवास आणल्या, तेव्हां ‘भाकरीबरोबर बाप्तिस्मा’ हा वाद महाराष्ट्रांत पुष्कळ माजला. इग्बो लोक आधींच बहुतांशीं ख्रिस्ती होते. येथें शंका उलट बाजूची होती: स्वधर्मी म्हणून तर ही धांव नव्हे? मध्यवर्ती सरकारचे प्रमुख गोवन हे स्वतः एका ख्रिस्ती धर्मप्रचारकाचे चिरंजीव. तेव्हां हें धर्मयुद्ध आहे अशी जी हाकाटी झाली, तींत तथ्य थोडें होतें.

एकाच कृत्याचे दोन परिणाम असूं शकतात, एक हेतूंतला व दुसरा हेतूबाहेरचा, असें थॉमस ॲक्वायनस यानें तेराव्या शतकांत आत्मसंरक्षणासंबंधीं लिहितांना म्हटलें आहे. दूध वाहणाऱ्यांस हा आधार पुरेसा आहे असें मी मानतों. शुल्कास तो पुरत नाहीं. कारण शुल्क चुकून सांडलें नव्हतें, मोजून दिलें होतें. जून १९६९ मध्यें रेड क्रॉसचें एक विमान सरकारी लढाऊ विमानानें पाडलें, तेव्हां त्या संस्थेनें उड्डाणें थांबविलीं. दोन्ही पक्षांची संमति हें तिचें व्रत होतें. धर्मसंस्था उडतच राहिल्या. मला विचाराल तर मी उडणाऱ्यांच्या बाजूचा आहें. पण आपण केवळ दूध वाहतों, युद्धाशीं आपला संबंध नाहीं, असें त्यांनीं देणगीदारांस सांगावयास नको होतें. सगळा हिशेब उघड मांडला असता तर देणग्या कदाचित् कमी आल्या असत्या. त्या कमी येणें हाही मुलांच्या जिवाशींच खेळ, असें कोणी म्हणेल. त्याला मजजवळ समाधानकारक उत्तर नाहीं.

या वैमानिकांत कार्ल गुस्ताफ फॉन रोझेन नांवाचा एक स्वीडिश सरदार होता. ऑगस्ट १९६८ मध्यें वेढा तोडून, झाडांच्या शेंड्यांवरून विमान नेऊन, त्यानें अन्न पोंचविलें. पुढें त्यास वाटलें कीं मुलांना दूध पाजावयाचें आणि त्यांच्यावर बॉंब टाकणारीं विमानें मात्र तशींच राहूं द्यावयाचीं, हें ढोंग आहे. मे १९६९ मध्यें त्यानें पांच चिमुकल्या विमानांवर अग्निबाण बसविले आणि पोर्ट हारकोर्टच्या तळावर हल्ला केला. करुणा तीच, फक्त एक पाऊल पुढें पडलें होतें. तें पाऊल चुकीचें होतें असें मला वाटतें, पण तें पहिल्या पावलापासून नक्की कोठें तुटतें हें दाखवावयास गेलों, म्हणजे दर वेळीं रेघ निराळ्या जागीं पडते.

जानेवारी १९७० मध्यें बियाफ्रा शरण आला. तेथील कित्येक परदेशी पाद्र्यांवर बेकायदा प्रवेशाबद्दल खटले झाले व त्यांस देशाबाहेर काढण्यांत आलें. फॉन रोझेन पुढें इथिओपियांत गेला आणि दुष्काळपीडितांस विमानांतून धान्य टाकण्याच्या कामास लागला. १९७७ च्या जुलैंत गोडे येथें सोमाली बंडखोरांच्या हल्ल्यांत तो मारला गेला. त्या वेळीं त्याचें वय सदुसष्ट होतें.