दोन नाण्यांमधले अंतर

पाचोडच्या माणसाला परका मुलूख गाठण्यासाठी एकेकाळी समुद्र ओलांडावा लागत नसे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पैठणला गोदावरी उतरून शेवगावकडे गेले की इंग्रजी हद्द लागे आणि कनवटीचा हाली सिक्का परका ठरे. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा ठरलेला दर होता. सात देऊन सहा घेणारा नाडला गेला असे कोणी म्हणत नसे, कारण दर सर्वांना ठाऊक होता. मात्र एखाद्या अडाणी वाटसरूच्या हातावर सराफाने पाचच कलदार ठेवले, तर तो व्यवहार उरत नाही. ती चोरी होते. चलन बदलण्यातील नीतीचा प्रश्न एवढ्याशा अंतरात सामावलेला आहे.

दर उघड असावा ही जाणीव फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा दानलेख आहे. ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, दर सुवर्णास ३५ कार्षापण, असा हिशेब त्यात कोरलेला आहे. दानाबरोबर दरही दगडावर नोंदवला गेला.

यरुशलेमच्या मंदिरातील सराफ आपल्या परिचयाचे आहेत. प्रत्येक प्रौढ यहुदी पुरुषाने वर्षाला अर्धा शेकेल मंदिरपट्टी द्यायची असे आणि ती सोर नगरीच्या चोख चांदीच्या नाण्यांत घेतली जाई. दूरदेशीच्या यात्रेकरूला नाणे बदलून देणारा कोणीतरी हवाच होता. त्याबद्दल तो बट्टा घेई. प्रभू येशूने त्यांचे चौरंग उलथून टाकले. परंतु तालांतांच्या दृष्टान्तात तोच प्रभू पेढीवर पैसे ठेवण्याचा उल्लेख कोणालाही दूषण न देता करतो. म्हणजे श्रमाचा बट्टा त्याज्य नाही. भाविकाच्या अडचणीचा आणि अज्ञानाचा बाजार मांडणे त्याज्य आहे.

आज आपली कुटुंबे पवित्र भूमीला, रोमला, लूर्डला यात्रेस जातात. बहुतेक देशांना जाताना एका प्रवाशाला एका खेपेस ३,००० डॉलरपर्यंतच परकी नोटा रोख नेता येतात. अधिक रक्कम कार्डावर न्यावी लागते. परत आल्यावर २,००० डॉलरहून जास्त उरलेले चलन १८० दिवसांच्या आत बँकेला द्यायचे असते. हे नियम कोरडे वाटतात, पण खरी कसोटी येथेच लागते. समजा, यात्रेच्या म्होरक्याने सर्वांचे रुपये एकत्र बदलून घेतले, त्याला चांगला दर मिळाला आणि सोबत्यांना त्याने वेगळाच दर सांगितला. किंवा आपल्या जादा नोटांचे पाकीट त्याने एखाद्या भोळ्या विधवेच्या पिशवीत ठेवायला दिले. विमानतळावर जाब द्यावा लागला तर तो तिला द्यावा लागेल, आणि पाकिटात काय आहे हे तिला माहीतही नसेल. पहिल्या प्रसंगात पैशाची चोरी आहे. दुसऱ्यात विश्वासाची, आणि ती अधिक जड आहे.

"पावती नको म्हटले की चार पैसे सुटतात, यात कोणाचे काय बिघडते?" असे सज्जनही विचारतात. १९९१ साली देशाची परकीय गंगाजळी जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती आणि सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे गहाण ठेवावे लागले. चोरवाटेने, हवाल्याने फिरणारा पैसा या गंगाजळीत कधीच पडत नाही. जिला त्याची झळ लागते ती व्यक्ती आपल्याला दिसत नाही, इतकेच. बाहेरून येणाऱ्या इंधनावर ज्याचा पंप चालतो तो शेतकरीही आपला शेजारीच आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी मालातील लपवलेला दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य मानले. न दिसणाऱ्या शेजाऱ्याशीही तेच इमान राखायला हवे.

म्हणून यात्रेला निघताना चलन अधिकृत ठिकाणीच घ्यावे, पावती जपून ठेवावी, दर सर्वांसमक्ष वाचून दाखवावा आणि उरलेल्या पैचाही हिशेब द्यावा. एवढे केलेला यात्रेकरू पवित्र वेदीपुढे मोकळ्या मनाने गुडघे टेकू शकेल.