एकच कांकण

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. ते अवधूत म्हणजे आपले दत्तमहाराज, अशी आपली श्रद्धा. त्यातले दोन गुरू गेल्या वर्षी माझ्या घरी उपयोगी पडले, ते सांगतो.

माझी नात एअर रायफल नेमबाजी करते. लक्ष्य १० मीटरवर, मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. ६० शॉट, सव्वा तास. सरावात पोर छान खेळायची, पण स्पर्धेत एक शॉट चुकला की पुढचे चार-पाच गेलेच. एकदा रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, मी सोडते. रायफल उचलली की आतून कोणीतरी म्हणतं, आता परत चुकणार."

मी बँकेत जन्मभर आकडे जुळवलेला माणूस. ती दारात आली की माझा पहिला प्रश्न, "किती गुण?" वर उपदेश, "वाईट विचार काढून टाक." पण असं म्हटल्यानं विचार जातो का? मला आठवलं, कुणाला पाचशे जास्त दिले की काय अशी शंका आली, की त्या नादात माझं हातातलं बंडलही चुकायचं. आमचे हेड कॅशियर एवढंच म्हणायचे, "हातातलं मोज."

त्या रात्री नातीला कुमारीची गोष्ट सांगितली. घरी पाहुणे आलेले, ती आत साळी कांडत होती. कांकणं वाजू लागली, तिला लाज वाटली. तिनं एकेक काढत हातात दोन-दोन ठेवली, तरी आवाज. शेवटी एकेकच ठेवलं, तेव्हा शांत झालं. मागचा शॉट, पुढचा निकाल, आजोबांचा प्रश्न ही सगळी कांकणंच. एकच ठेवायचं, हातातला शॉट. दुसरा गुरू बाण करणारा. शेजारून राजाची स्वारी गेली, तरी त्याला पत्ता नाही.

आपल्या नृसिंहवाडीच्याच कोल्हापूर जिल्ह्यातले कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीच्या पहिल्या टप्प्यानंतर ते सहावे होते. पुढे कांस्यपदक मिळालं. तिथे सहाव्या क्रमांकाचीच खंत करत बसून कसं चाललं असतं?

पुढच्या स्पर्धेत नातीला पदक नाही मिळालं. पण घरी येऊन म्हणाली, "एक शॉट फार वाईट गेला. रायफल खाली ठेवली, श्वास घेतला, परत उचलली. पुढचा नीट गेला." मी त्या दिवशी गुण विचारले नाहीत. माझंही एक कांकण उतरलं.

आपणा वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती. नातवंडांच्या हातात आपल्या अपेक्षेचं कांकण चढवू नका. मुलं भीती सांगतील तेव्हा "त्यात काय घाबरायचं" असं न म्हणता आधी ऐकून घ्या. जपाला बसल्यावर आपलं तरी मन कुठं ठरतं? भरकटतं, आपण पुन्हा नामावर आणतो. मुलांनाही तेवढंच शिकवायचं, परत येणं.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!