चिखलातून पाऊल काढताना

तुयेच्या धक्क्यावर संध्याकाळी येऊन बसा. समोर शापोरा, पलीकडे कामुर्ली. फेरीबोट पलतडीला गेली आहे आणि ती परत येईपर्यंत करण्यासारखं काही नाही. एवढा रिकामा वेळ आज पुरेसा आहे. पाठ सरळ ठेवा, पण ताठरू नका. दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकू द्या.

आता एक अक्षर डोळ्यांसमोर आणा. जपानी लिपीतलं 'निन'. त्याच्या वरच्या अर्ध्यात शस्त्राचं पातं आहे आणि खालच्या अर्ध्यात हृदय. दोन्ही मिळून अर्थ होतो सोसणं, धीर धरणं. लपून राहणंही त्यातच आलं. निंजांच्या निंजुत्सू या विद्येतला 'निन' तो हाच. चित्रपटांनी आपल्यापर्यंत काळा बुरखा आणि फेकायच्या चकत्या पोचवल्या. पातं दिसलं, खालचं हृदय राहून गेलं. छातीवर असं एक पातं अलगद टेकलं आहे, अशी कल्पना करा. श्वास आपोआप लहान होईल. त्याला तसाच होऊ द्या.

ही विद्या जिथे वाढली तो इगा प्रांत डोंगरांनी वेढलेला, भातशेतीचा. तिथली घराणी जमीन कसत आणि वेळ आली की शस्त्र उचलत. 1581 साली ओदा नोबुनागा या सरदाराच्या फौजांनी इगा उद्ध्वस्त केला आणि ती घराणी पांगली. पुढे 1676 मध्ये 'बान्सेन्शुकाई' हा या विद्येचा मोठा ग्रंथ लिहिला गेला. निःशब्द चालण्याचे अनेक प्रकार या परंपरेने जपले. त्यातल्या एकाचं नाव 'नुकिआशी', म्हणजे उपसून काढलेलं पाऊल.

हे पाऊल तुयेच्या माणसाने पाहिलेलं आहे. सरद शेतात लावणीला उतरलेल्या बाईकडे बघा. चिखल पोटरीपर्यंत आलेला. पाय जोराने ओढला तर चिखल तो आणखी घट्ट धरतो. ती आधी सगळा भार दुसऱ्या पायावर नेते. मग टाच सैल करते, कडेने थोडं पाणी आत शिरू देते आणि बोटं खाली झुकवून पाऊल वर घेते. आवाज येत नाही, शेजारचा आवा हलत नाही. मेरेवर उभं राहून कितीही समजावलं तरी हे कुणाला जमत नाही; उतरावंच लागतं.

बसल्या जागी करून पाहा. उजव्या तळव्यावरचा भार हळूहळू डावीकडे न्या. सगळा गेला असं वाटेल तेव्हा जरा थांबा. थोडा अजून मागे राहिलेला असतो. तोही जाऊ द्या.

अलीकडच्या काळात ही विद्या शिकवणारे गुरू, टोकियोजवळच्या नोदा गावचे मासाआकी हात्सुमी, यांचा जन्म 1931 चा. त्यांचे गुरू तोशित्सुगु ताकामात्सु दूर नारा प्रांतात, काशिहाराला राहत. हात्सुमी तिथे 15 वर्षं आगगाडीने ये-जा करत राहिले, 1972 मध्ये गुरू वारले तोपर्यंत. मग त्यांनी बुजिनकान ही संस्था स्थापन केली आणि दार उघडं ठेवलं. इस्राएलचे दोरोन नावोन आले, 1975 मध्ये अमेरिकेचे स्टीफन हेज आले. त्यांच्या मागून विद्या देशोदेशी गेली. या शाखेची प्राचीन वंशावळ इतिहासाच्या अभ्यासकांना पटत नाही आणि त्यांची शंका मला रास्त वाटते. तरीही ती 15 वर्षांची ये-जा माझ्या मनातून हलत नाही. इतकी वर्षं कुणाकडे जात राहावं, असं काय त्या घरात होतं?

जी विद्या लपवायची तीच परक्यांना का शिकवावी, असंही मनात येतं. या प्रश्नापाशी थोडं थांबू. नवख्याला सुरुवातीलाच पडायला शिकवतात. त्याला 'उकेमी' म्हणतात, अंगाने स्वीकारणं. मग तो नवखा कुठल्याही देशाचा असो, जमीन त्याला त्याच्याच पाठीने ओळखावी लागते. गुरू शंभर वेळा पडून दाखवतो, पण शिष्याच्या वाटची जमीन शिष्यालाच लागते. त्यामुळे ही विद्या कितीही जणांना दिली तरी उघडी पडत नाही, असं मला मनापासून वाटतं.

बुजिनकानच्या वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळे मिळून तीन शब्द म्हणतात. शिकिन हारामित्सु दाइकोम्यो. मधला शब्द पुन्हा सावकाश ऐका. हारामित्सु म्हणजे आपली संस्कृतातली पारमिता. बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमध्ये गेली, तिथून जपानला. ओठांवरचा 'पा' झिजून 'हा' झाला. आज तो शब्द तेल अवीवमध्ये, ओहायोमध्ये गुडघे टेकून बसलेली माणसं म्हणतात. इथून जवळच, हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर योग शिकायला आलेले परदेशी लोक आसनांची नावं आपापल्या हेलात उच्चारतात. ते उच्चार सुधारावेत असं पूर्वी मला वाटे. आता वाटत नाही.

पारमितेचा एक जुना अर्थ आहे, पार गेलेली. पैलतीराला पोचलेली.

डोळे मिटलेले असतील तर उघडा. कामुर्लीकडून फेरीबोट निघाली आहे. तिची घरघर आधी पाण्यावरून येते, मग ती दिसते. उठायची घाई करू नका. ती जवळ येईल, लोखंडी फळी खाली येऊन धक्क्यावर टेकेल, दुचाकी आणि माणसं आधी उतरतील. तोवर भार डाव्या पायावर असू द्या. उजवी टाच सैल करा.