उत्तर न सांगण्याची जबाबदारी

‘आपल्याकडे जमीन का हलते?’ हा प्रश्न कोयनानगरच्या मुलाला पुस्तकातून मिळत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची पहाट त्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेली असते. वर्गात मात्र या प्रश्नाचा निकाल दोन ओळींत लागतो. धरणात पाणी साठलं, दाब वाढला, लिहून घ्या. ज्या प्रश्नासाठी शास्त्रज्ञांनी जवळच गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली, तो प्रश्न पोरांसाठी आपण परस्पर मिटवून टाकतो. हा मुलांवर अन्याय आहे.

असा प्रश्न मुलांनी स्वतः शोधावा, यासाठीच वर्गातल्या संगणकाचा खरा उपयोग आहे. पण पुष्कळ शाळांत तो कपाटात कुलूपबंद राहतो. उघडलाच, तर गुरुजी चालवतात आणि मुलं बघतात.

आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटणला, वेगळं काही घडलं. त्याचं मूळ दिल्लीत आहे. शिक्षण-संशोधक सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीच्या भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं तो आपापली शिकली. पुढे २०१३ च्या टेड पुरस्कारातून त्यांनी मुलं आपापली शिकतील अशा प्रयोगशाळा भारतात पाच आणि इंग्लंडमध्ये दोन उभारल्या. त्यांतली एक फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत. रीत साधी: एका संगणकाभोवती चार-पाच मुलं, एक मोठा प्रश्न, दुसऱ्या गटात डोकावायची मुभा, शेवटी सर्वांसमोर मांडणी. बाई उत्तर सांगत नाहीत.

ही जागा फलटण असणं मला महत्त्वाचं वाटतं. या संस्थेच्या संस्थापक मॅक्सीन बर्नसन यांनी तिथे मुलांना मराठी वाचता यावं, वाचलेलं समजावं यासाठी आयुष्य वेचलं. ज्याला मजकूर समजून वाचता येत नाही, त्याच्यापुढे इंटरनेट उघडून ‘शीक’ म्हणणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं.

मुलांवर सोपवायचं म्हणजे अंग काढून घ्यायचं, असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. मित्रांच्याच आणखी एका प्रयोगात तमिळभाषक कळिकुप्पम गावात मुलं जीवतंत्रज्ञानासारखा विषय आपापली शिकली, तेव्हा त्यांचे गुण जवळजवळ शून्यावरून तीस टक्क्यांच्या आसपास गेले. मग विषय न जाणणारी एक तरुणी पाठीशी उभी राहून नुसतं कौतुक करू लागली, ‘हे कसं केलंत?’ विचारू लागली, आणि गुण पन्नास टक्क्यांच्या आसपास पोहोचले. उलट मोठ्यांची नजर नसेल तिथे दांडगी पोरं माउस बळकावतात, मुली मागे राहतात. भिंतीतल्या संगणकांबाबत अभ्यासकांनी ही तक्रार केलेली आहे. माउस कुणाच्या हातात आहे, हे बघणं शिक्षकाचंच काम. चुकीचं उत्तर सापडलं तर ‘हे कुणी लिहिलंय, त्याला कसं कळलं?’ एवढं विचारणं, हेही त्याचंच.

दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना आणखी एक काम सांगताना संकोच वाटतो. तरीही पाटण तालुक्यातल्या शिक्षकांना विनंती करतो: आठवड्यातून एक तास संगणक मुलांच्या हाती द्या. पहिला प्रश्न जमीन हलण्याचा असू द्या. मुलं अडली की तुम्हीही म्हणा, ‘मलाही पूर्ण माहीत नाही, शोधूया.’